सांगायचं माप, खरं माप

तू झोपली आहेस तोवर लिहून टाकते. कापडाच्या ढिगावर पालथी पडलीस की तुला तासभर जग नसतं.

नोकरीचा अर्ज तुझ्या मामाला वाचायला दिला, इथून सुरुवात झाली. मामा इंजिनिअर. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

"'पंधराव्या वर्षी आईच्या शिवणाच्या दुकानासाठी मापांचा प्रोग्राम लिहिला.' अगं, अर्ज आहे हा, निबंध नाही. हसतील लोक."

"हसू देत."

"आधीच दोन वर्षं घरी बसलीस, त्यात हे खेळणं. काढ ते."

"बसले? दादा, एक दिवस ये आणि बघ घरी कोण बसतं ते."

ओळ काढली नाहीच. तळाशी होती ती उचलून सगळ्यात वर ठेवली.

बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून तुझ्या आजीने दुकानातला तो जुना कॉम्प्युटर आणला होता. मी शिकले वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकातून. पहिला प्रोग्राम केला तो भांडी घासायची पाळी कोणाची हे ठरवणारा. पाळी कायम मामाचीच यायची. यंत्रच सांगतंय म्हटल्यावर तो बिचारा मुकाट्याने घासायचा. मग केला मापांचा.

तुझ्या आजीचा धंद्यातला एक नियम आहे. गिऱ्हाइकाची कंबर वाढली तरी ती तोंडाने गेल्या वर्षीचाच आकडा म्हणते, वहीत मात्र खरा लिहिते आणि मुकाट त्याप्रमाणे शिवते. मला हे कुठलं कळायला! माणसाला एकच कंबर असते, म्हणून मी एकच रकाना ठेवला. शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, मोठ्या बाई. मी ऐटीत त्यांच्या हातात खऱ्या मापांची छापील चिठ्ठी दिली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, घडी घातली आणि वर्षभर दुसरीकडे कपडे शिवून घेतले.

आजी रागावली नाही. म्हणाली, "तुझं यंत्र खरं बोलतं गं. पण चारचौघांत बोलतं."

त्या आठवड्यात मी दुसरा रकाना केला. एक 'सांगायचं माप', एक 'खरं माप'. खरं माप एक ठरावीक कळ दाबून धरली तरच दिसतं. गेली चौदा वर्षं तो प्रोग्राम रोज चालतोय.

काल दुपारी तीनला मुलाखत होती, लॅपटॉपवर. नववा अर्ज होता हा. आधीच्या आठांचं उत्तरही आलं नव्हतं. दवाखान्यांसाठी प्रोग्राम लिहिणारी कंपनी. ही नोकरी मला हवी होती, अगदी पोटातून हवी होती. मी दुकानातच बसले, म्हणजे तू आजीच्या नजरेखाली राहशील.

समोरच्या गृहस्थांनी पहिली ओळ वाचली. "अजून चालतो म्हणता? दाखवा."

दोन रकान्यांची गोष्ट सांगत मी लॅपटॉप जुन्या स्क्रीनकडे वळवला. नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई कोट सैल करून घ्यायला आल्या होत्या. आजीने त्यांचंच पान उघडलं होतं.

"तो दुसरा रकाना दाखवा," इअरफोनमधून माझ्या कानात आवाज आला.

"नाही दाखवता येणार. या बाईंचा आहे तो."

"मी कुठे ओळखतो त्यांना! बरं, दुसऱ्या कोणाचा उघडा."

"दुसराही कोणाचा तरीच आहे."

"अहो, मग मी बघायचं तरी कसं? आठ मिनिटं उरली आहेत."

एक कळ दाबायची फक्त, कोणाला कळणार होतं? पण मोठ्या बाई आरशासमोर पोट आत घेऊन उभ्या होत्या, आणि आजी त्यांना म्हणत होती, "तेवढीच आहे हो कंबर, कोटच आटलाय."

"माझं पान दाखवते," मी म्हटलं. "ते मला दाखवता येतं."

पान उघडलं. सांगायचं माप अठ्ठावीस. गेल्याच महिन्यात आजीने टेप लावून मला हेच सांगितलं होतं आणि मी दोन दिवस हवेत होते. कळ दाबली. खरं माप तेहतीस.

"आई!" मी ओरडले. "तू मलाही?"

"गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक," आजी टाचण्या तोंडात धरून म्हणाली.

गृहस्थ इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मी कळ सोडली नाही. "बघून घ्या. तेहतीस. ही माझी मुलगी झोपलीय ना, वाढलेले पाच इंच ही तिची जागा आहे. हे काढून टाकून मी कुठला अर्ज करणार नाही."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "आमच्या प्रोग्राममध्ये पेशंटचं सगळं सगळ्यांना दिसतं. काउंटरवरच्या माणसालासुद्धा. तिथून सुरुवात कराल?"

संध्याकाळी मामा आला. "हसले ना?"

"पोट धरून हसले. पहिल्या तारखेला रुजू व्हायचंय. आणि दादा, आज भांड्यांची पाळी तुझी आहे."

"कोणी सांगितलं?"

"यंत्राने."