डोकं शिप्रेकडे, पाय वर

रामघाटावर त्या सकाळी स्नानापेक्षा पाय बघायला आलेल्यांची गर्दी जास्त होती. पाय म्हणजे कुणा देवाचे नव्हेत. दिवसभर उभं राहून कामं करणाऱ्या माणसांचे, निळ्या शिरांच्या गाठी फुगलेले पाय. तप्तनाथ महाराज त्या गाठी सगळ्यांच्या देखत नाहीशा करत होते.

आधी ते तांब्याचा लोटा फिरवत. "हाथ लगाके बोलो भई, ठंडा है?" पुढचा माणूस म्हणे, "ठंडा." मग लोट्यात ओंजळभर शिप्रेचं पाणी, वर झाकण, थोडं पुटपुटणं, आणि लोट्यातून वाफ. "न लकड़ी, न गैस. डॉक्टर नस में नली डालके अंदर आग लगाता है. हम बाहर से लगाते हैं. आग वही, नली नहीं." रोग्याला पायरीवर आडवं करत, डोकं शिप्रेकडे आणि पाय वरच्या पायरीवर. तापलेला लोटा पोटरीवरून फिरला की गाठी बसत आणि लोक जयजयकार करत.

प्राजक्ता शाळेतून धावत आली तेव्हा पायरीवर तिची आई, उषाताईच, आडवी होती. शेजारच्या माणिककाकूंनी फोन केला होता, "घाबरू नकोस गं, आईचा नंबर लागलाय." गर्दीतून वाट काढेपर्यंत लोटा फिरून झाला होता. उषाताईंचा पाय सपाट दिसत होता आणि महाराजांचा चेला त्यावर करकचून पट्टी बांधत होता. "पूनम तक खोलना मत, माई. नस अभी कच्ची है."

उषाताईंनी फ्रीगंजमध्ये पोळीभाजीचे डबे चालवले, तवा आणि ओटा यांच्यापुढे उभ्या राहून सारी उमर काढली. घोट्याजवळ जखम झाली, ती भरेना. डॉक्टरांनी कागदावर शीर काढून दाखवली. शिरेतली झडप बिघडलीय, रक्त खाली साचतं. बारीक नळी आत घालायची, तिच्या टोकाशी उष्णता द्यायची, बिघडलेली शीर आतून बंद होते, रक्त चांगल्या शिरांनी वर जातं. शिरेभोवती आधी गार पाणी भरतात, म्हणून कातडीला धग लागत नाही. तारीखही ठरली होती.

पण उषाताईंचे यजमान सुहासराव हृदयाच्या तपासणीसाठी नळी घातलेली असतानाच गेले होते. ते हृदयविकाराने गेले, नळीने नव्हे, हे प्राजक्ताने आईला किती वेळा सांगितलं होतं. आई ऐकून घ्यायची आणि पोळ्या लाटत राहायची.

प्राजक्ता विज्ञानाची शिक्षिका. तिने रांगेतल्या एका हवालदाराला विनंती केली, "भैया, लोटा राहू द्या. नुसते असेच लेट जाइए." चौकात उभं राहून त्याच्याही पोटऱ्या गाठींनी भरल्या होत्या. तो आडवा झाला, डोकं खाली, पाय वर. मंत्र नाही, लोटा नाही. लोक वाकून बघत राहिले. गाठी हळूहळू बसल्या.

"पाय वर केला की साचलेलं रक्त उतरून जातं," ती म्हणाली. "अब खड़े हो जाइए." हवालदार उभा राहिला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गाठी परत भरल्या. मग तिने लोट्याचं झाकण उचललं. आत पांढरा चिखल. "घर पोतताना आपण चुना भिजवतो, तो तापतो की नाही? हा तोच, कळीचा चुना."

"वो भभूत है," महाराज म्हणाले.

लोक वाकून लोट्यातला चिखल बघू लागले. प्राजक्ताला वाटलं, जिंकले. तेवढ्यात एका म्हातारीने लुगडं घोट्याच्या वर घेतलं आणि तिच्यापुढे पाय केला. "बेटी, तेरे हाथ में भी सिद्धि है. लोटे के बिना ही कर दिया. मेरा भी कर दे." मागून आणखी दोघी सरकल्या. प्राजक्ताला रडू आलं.

रिक्षात ती आईला म्हणाली, "तू बघितलंस ना सगळं? पट्टी सोडू या."

"बघितलं. खोटाच आहे तो, मलाही कळतं."

"मग?"

"त्याने नळी नाही घातली, प्राजू. पौर्णिमेपर्यंत मला राहू दे. फिर तू म्हणशील तसं."

आईचा हात धरून पट्टी ओढून काढणं तिला जमलं नाही. रोज ती बोलायची, आई पाय साडीत लपवायची. मग घरात वास यायला लागला आणि एका संध्याकाळी आईला ताप भरला. पट्टी सोडली तेव्हा गुडघ्याखालची कातडी तिच्याबरोबर सुटून आली. लोट्याने भाजलं होतं, झाकणातून चुना झिरपला होता, आणि बंद पट्टीखाली सगळं पिकलं होतं. गाठी होत्या तिथेच होत्या.

"आता नळी घाला," उषाताई डॉक्टरांना म्हणाल्या. "मी घाबरणार नाही."

डॉक्टरांनी वाकून पाय तपासला. "जिथून घालायची, तीच जागा पिकलीय, ताई. आज घातली तर जंतू थेट रक्तात जातील. आधी हे भरू दे."

"कधी भरेल?"

डॉक्टरांनी जखम धुवायला घेतली. पाय वाचेल का, हे प्राजक्ताने त्यांना बाहेर गाठून विचारलं. "प्रयत्न करू," एवढंच उत्तर मिळालं.

महाराज अजून घाटावर आहेत. प्राजक्ता सुट्टीच्या दिवशी रांगेशी जाऊन उभी राहते आणि दिसेल त्याला सांगते. लोट्यात काय आहे ते बघा. गाठ गेली म्हणता, तर पट्टी न बांधता उभे राहा, थोडं चाला, आणि मग जयजयकार करा. उष्णता लोट्यातही आहे, डॉक्टरच्या नळीतही. ती कुठे जाते, किती जाते आणि बिघडलं तर उत्तर द्यायला कोण थांबतं, हे विचारा. भीती वाटत असेल तर तीही डॉक्टरला सांगा, भीती वाटण्यात लाज नाही. विचारायला काही सिद्धी लागत नाही.

परवा रांगेतल्या एका बाईने तिचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आपकी माँ ठीक हुई क्या?"

"नाही," प्राजक्ता म्हणाली. "अस्पताल में है."

"श्रद्धा कम पड़ी होगी," ती बाई हळहळून म्हणाली, आणि रांगेत एक पायरी पुढे सरकली.