निळी गोगलगाय

अप्पांच्या घरात एक कायदा होता. छापून आलेल्या चित्रांपैकी पहिलं, म्हणजे नमुना, अप्पा स्वतः रंगवणार आणि बाकीची त्यांची लेक त्याबरहुकूम रंगवणार. आपली अक्कल पाजळायची नाही. समुद्रातल्या प्राण्यांवरच्या जाडजूड ग्रंथांसाठी बापलेक वर्षानुवर्षं हेच करत आले होते, आणि त्यांच्या माशांना नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती.

त्या सकाळी कोळ्यानं घमेल्यातून एक समुद्री गोगलगाय आणली. पाठीवर कवच नाही, पण रंग असा गडद निळा, की लेक बघतच राहिली. हे प्राणी मेले की रंग उडतो, म्हणून सगळी घाई. अप्पांनी ब्रश उचलला आणि तपकिरीच्या वाटीत बुडवला.

लेकीला वाटलं, आधी अस्तर देत असतील. पण दुसरा हातही तपकिरीच. तिनं वाकून त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मागच्या खेपेला हिरवा खेकडा मातकट का झाला, तेही तिला आत्ता कळलं. तेव्हा तिनं बिचाऱ्या कागदाला दोष दिला होता.

“अप्पा, निळा जरा...”

“निळाच तर लावतोय. दिसत नाही का तुला?”

तिनं निळी वाटी हळूच त्यांच्या हाताशी सरकवली. अप्पांनी ती चाचपून परत जागेवर ठेवली. “वाट्या हलवू नकोस गं.”

आता सांगायचं तरी कसं? डोळे गेले की चितारी मेला समजा, असं अप्पाच म्हणायचे. बोललं तर बाप जातो, गप्प बसलं तर गोगलगाय. ती गप्प बसली.

दुपारी गोगलगाय मेली आणि स्पिरिटच्या बरणीत मळकट तपकिरी पडली. ग्रंथ लिहिणाऱ्या डॉक्टरांनी कधी जिवंत पाहिली नव्हती. होडीत पाय ठेवला की त्यांना मळमळायचं. त्यांनी बरणी पाहिली, चित्र पाहिलं, “हुबेहूब” म्हणाले आणि नमुन्याच्या मागे सही ठोकली.

लेकीनं मुकाट्यानं तपकिरी प्रती रंगवल्या. एकच निळी केली. एक तरी खरी राहू दे, म्हणून गठ्ठ्याच्या पोटात दडवली. डॉक्टरांनी गठ्ठा चाळताना नेमकी तीच बाहेर काढली.

“अप्पा, नमुना तपकिरी आणि ही बघा, चक्क निळी. पोरीचं लक्ष कुठे असतं?” दोन्ही कागद अप्पांच्या हातात देऊन ते निघून गेले.

अप्पा खिडकीशी गेले. कागद डोळ्यांजवळ आणले, लांब धरले, पुन्हा जवळ आणले. त्यांचा चेहरा उतरत गेला. लेकीला तो बघवेना, पण नजरही हलेना. शेवटी त्यांनी घसा खाकरला.

“चुकलीस बरं का पोरी,” ते म्हणाले, आणि स्वतः रंगवलेल्या नमुन्यावर बोट ठेवलं. “हे बघ, हीच ती निळी. असं परत व्हायला नको.”

“नाही होणार, अप्पा,” ती म्हणाली, आणि तिनं ब्रश तपकिरीच्या वाटीत बुडवला.