जबाबातला एक शब्द

"पाय हलवू नका म्हटलं न्हवं, आण्णा? किती डाव सांगायचं?"

गुंडा आण्णांचा पाय माझ्या मांडीवर होता. जुनी पट्टी सोडवताना मला वासाचं काही वाटलं नाही; छत्तीस वर्षं नर्सची नोकरी केल्यावर नाकही सरकारजमा होतं. रिटायर होऊन तीन महिने झाले, तरी या गल्लीतली ड्रेसिंगं माझ्याच मागे. साखरेनं आण्णांची दोन बोटं आधीच नेली होती. उद्या मिरजेत गुडघ्याखालून पाय काढायचा होता. आणि मला त्यांना एक विचारायचं होतं. आज नाही विचारलं, तर मग कधीच नाही.

छत्तीस वर्षांपूर्वी मी उंब्रजहून या गावात पहिल्या नोकरीवर आले. पंधराव्याच दिवशी सकाळी लोकांनी आण्णांच्या थोरल्या भावाला, जिनपालला, बैलगाडीतून उपकेंद्रात आणलं. उसात कुणीतरी कोयत्यानं वार केले होते. डॉक्टर नव्हते, मी एकटी. माझा हात धरून तो एवढंच म्हणाला, "गुंडा..." आणि गेला.

फौजदार नागपूरकडचे. त्यांनी विचारलं, "काही बोलला का?"

"गुंडा म्हणाला."

"म्हणजे गुंडांनी मारलं. असंच ना?"

मी म्हटलं, "व्हय."

कुणापाशी बोलायचं नाही, असा दम देऊन ते गेले. जबाबात 'अज्ञात गुंडांनी' असं आलं, मी सही ठोकली, आणि ते गुंड काही सापडले नाहीत. सापडणार कुठून, कपाळ!

आण्णांना तेव्हा सगळं गाव 'धाकले आण्णा'च म्हणायचं. दीड वर्षानं ते ताप घेऊन आले. मी केसपेपर लिहायला घेतला. "नाव?"

"गुंडा."

मी हसले. म्हटलं, "चेष्टा नको. खरं नाव सांगा."

"हेच की, सिस्टर. आमच्या जैनांत असत्यात गुंडा."

आमच्या उंब्रजकडं कुणी पोराचं नाव गुंडा ठेवील का हो? मला काय ठाऊक! म्हणजे जिनपालनं घेतलं ते भावाचं नाव होतं! पुढं गावातलंही हळूहळू कानावर आलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं होतं, आठ दिवस अबोला होता. मी गप्प बसले. भ्याले, दुसरं काय? चुकीचा जबाब दिला म्हणतील, नोकरी जाईल.

ह्याच माणसानं मग भावजयीची दोन्ही पोरं शिकवली, स्वतः लग्न केलं नाही. कधी वाटायचं, पाप फेडतोय. कधी वाटायचं, देवमाणूस आहे, माझ्या चुकीनं फासावरून वाचला. या दोन्हींच्या मधे माझा जीव पार पिचून गेला.

नवी पट्टी गुंडाळता गुंडाळता मी म्हटलं, "आण्णा, तुमचे दादा जाताना येक शब्द बोलले हुते."

"काय?"

"तुमचं नाव."

पाय ताठ झाला. आत कुकरची शिट्टी झाली. मी धीर केला आणि विचारून टाकलं, "तुमी मारलं का त्यास्नी?"

ते चिडले नाहीत. "लोकास्नी वाटतंच हुतं की. तुमालाबी वाटू द्या." मग म्हणाले, "कसं म्हणला? हाक मारल्यागत, का नाव सांगितल्यागत?"

इतकी वर्षं तो शब्द मनात घोळवून घोळवून त्याचा आवाजच झिजून गेला होता. राग होता की हाक होती? एवढं एकच माझ्यापाशी होतं, आणि तेही मी सांभाळलं नव्हतं. फार थकल्यासारखं झालं.

"आठवत न्हाई, आण्णा. खरंच न्हाई आठवत."

"आठ दिस बोलला न्हवता माझ्यासंगं. तसाच गेला, असंच धरून चाललोय आजवर." त्यांनी माझं मनगट धरलं. भीतीनं की कशानं, ते मला आजही सांगता यायचं नाही. "येकदा म्हणून दावा, सिस्टर. कसंबी म्हणा."

मी म्हटलं, "गुंडा..."

"ओ, दादा," डोळे मिटून ते म्हणाले. "आलो की."