आडव्या रेघेवर अडलेले तीन मेल

मित्रांनो, मी एक जुना मेल सर्व्हर आहे. इंदूरला सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात, जिन्याखालच्या खोलीत मी नऊ वर्षं सगळ्यांचं टपाल वाटलं. कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या श्रीपादजींनी मला उभं केलं. कारखान्यात मंजिरी नावाच्या दोघी होत्या. म्हणून सुरक्षा अधिकारी मंजिरी मॅडमना त्यांनी मेलसाठी 'मंजिरी-सेफ्टी' असं नाव दिलं आणि मधली आडवी रेघ मला ओळखायला शिकवली. तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं.

श्रीपादजी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी जयेश आले. चित्रविचित्र चिन्हांच्या नावांवर खोटे मेल येऊ लागले, तेव्हा त्यांनी नियम लावला: नावात फक्त अक्षरं, आकडे आणि टिंब चालेल. बाकीचं घ्यायचं नाही, पाठवणाऱ्याला कळवायचंही नाही. मॅडमना रेघेऐवजी टिंबाचं नवं नाव मिळालं.

"जयेशजी, जुन्या नावावरचे मेलही माझ्याकडे येऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "बॉयलरजवळ भिंतीवर तेच लिहिलंय."

"हो मॅडम, आजच सेट करून देतो."

ते विसरले. पुढे माझ्या खोलीचं दारही फारसं कोणी उघडलं नाही.

बॉयलरवर मारुती बावीस वर्षं कामाला होते. त्यांनी बॉयलरजवळच्या कॉम्प्युटरवरून भिंतीवरच्या त्या नावावर एका आठवड्यात तीन मेल पाठवले. तिन्ही वेळा मी रेघ पाहिली आणि मेल दारातच टाकून दिला. आत काय आहे, ते पाहिलंही नाही.

सोमवारी सकाळी बॉयलर फुटला, जवळचा कॉम्प्युटरही जळाला. मारुती जागीच गेले.

चौकशीत कारखान्याचे साहेब म्हणाले, मारुतीने कोणाला काही कळवलंच नव्हतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीताई समोर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "घरी रोज सांगत होते. वाफ सोडायचा व्हॉल्व्ह अटकतोय, मॅडमला मेल टाकलाय, जवाब येईलच."

मंजिरी मॅडमनी तिथेच जयेशना माझ्या नोंदी उघडायला लावल्या. तीन ओळी निघाल्या. मारुतींचं नाव, तारीख, वेळ आणि शेवटी 'नाव अमान्य'. जयेश म्हणाले, "माझ्याकडून राहून गेलं."

"त्यांनी काय लिहिलं होतं, तेवढं वाचून दाखवा ना," लक्ष्मीताई म्हणाल्या.

मित्रांनो, एखादं चिन्ह बंद करण्याआधी ते कोणाच्या नावात आहे, एवढं बघत जा. पत्र घेता येत नसेल, तर निदान परत पाठवा, म्हणजे लिहिणारा वाट बघत बसणार नाही. मी तेही केलं नाही. लक्ष्मीताईंना वाचून दाखवायला माझ्याजवळ मारुतींचा एक शब्दही नव्हता.