वादळाचा खळगा

पाटीला दोरीनं बांधलेली पेन्सिल पाण्यात वर वर ओढ घेत होती, लाकडाचीच ती. आणि हारतिना तिच्याकडे नुसती पाहत राहिली, कारण नजर काढली असती तर खाली पाहावं लागलं असतं. खाली मोजपट्टी अंथरलेली होती. दर हातभर अंतरावर पट्टीखाली जे असेल ते लिहायचं — जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, वाळू. सतरा वर्षं ती हेच करत आली होती, मकासरच्या विद्यापीठातून येणाऱ्या माणसांबरोबर. माणसं बदलली, तिचे गुडघे धरले, कानांना दडे बसू लागले, पट्टी तीच. आधी शिंगांसारखी फुटलेली प्रवाळं, मग वळ्यावळ्यांची, ज्यांच्या फटींत निळे मासे झोपायला जातात... आणि चाळीस हातांनंतर काहीच नाही. घराएवढा एक गोल खळगा, त्यात हाडांच्या चुऱ्यासारखे तुकडे. लाटेसरशी ते अजून इकडून तिकडे घरंगळत होते, आणि जे घरंगळतं त्याच्यावर काही रुजत नाही.

हे कशानं झालं, असं पहिल्या वर्षीच कुणीतरी विचारलं होतं. वादळानं, असं ती म्हणाली होती. तेव्हापासून कागदोपत्री ते वादळच होतं.

तो खळगा पडला तेव्हा अकरा वर्षांची होती ती. उवा — त्यांच्यात बापाला उवा म्हणतात — होडीच्या टोकाशी उभा, हातात पेटत्या वातीची बाटली, मासे मारायच्या सुरुंगाची, चेहरा कसा शांत, नमाजाला उभा राहिल्यासारखा. फेकलेली बाटली बुडायची, आणि कानांच्या आधी तळपायांना कळायचं, फळीतून. मग पाणी पांढरं व्हायचं...

ती वर आली. होडीत चढताना रेत्नोनं तिला काखेत धरून ओढून घेतलं. रेत्नो विद्यापीठाकडून आलेली, या वर्षीची नवी, हारतिनाच्या लेकीच्या वयाची, बोलणं मोजकं; हारतिनाला ती इबू म्हणे, आई. केस पिळता पिळता ती म्हणाली, "इबू, तो खळगा मला वादळाचा नाही वाटत. वादळ असं गोल खात नाही."

धीर असा काही आला नव्हता. सतरा वर्षं जे उचलून धरलं होतं ते आज पुन्हा उचलायची ताकदच नव्हती, एवढंच.

"बाटलीचा आहे," हारतिना म्हणाली. "माझ्या बापानं टाकलेली."

रेत्नोनं साल विचारलं. खोडरबरानं एक शब्द पुसला, दुसरा लिहिला. इथल्या अर्ध्या खडकांवर असे खळगे आहेत, असं काहीसं ती म्हणाली, आणि कासावा कंदाची वाफवलेली भाकर मोडून अर्धी तिच्या हातात दिली. झालं? काहीतरी तुटेल, निदान पोरगी तोंड फिरवेल, असं हारतिनाला वाटत आलं होतं. ती भाकर चावत राहिली. भाकर कोरडी होती.

घरी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. पाण्यात रोवलेल्या खांबांवरच्या ओट्यावर म्हातारा बाप जाळं सांधत बसला होता. बाटल्यांनी त्याचा डावा कान पार नेला होता, उजवा थोडा उरला होता.

"तिकडे गेली होतीस?" त्यानं नेहमीसारखंच विचारलं. मासे परतलेत, असं तीही नेहमी सांगायची. आज ती त्याच्या उजव्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, अर्ध्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "काही उगवलं नाही, उवा. मी सांगितलं त्यांना. तुम्ही केलंत म्हणून सांगितलं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग त्याचे डोळे बारीक झाले, हसल्यासारखे.

"आणि तू? सगळ्यांच्या आधी उडी तुझी. पाणी निवळायच्या आत. बाकीची पोरं भ्यायची... तुझ्याएवढे मासे कुणी वर आणले नाहीत."

कौतुकानं बोलत होता तो. पाहुण्यांसमोर लेकीचं कौतुक करावं तसं.

हारतिना तिथेच फळ्यांवर बसली. बापानं, असं ती होडीत म्हणाली होती, आणि ते खोटं नव्हतं. पण किती सोयीचा होता तो शब्द, त्याच्याआड एक अकरा वर्षांची मुलगी आरामात मावली होती. छातीशी कवटाळलेले ते गार, निसरडे मासे, वर आल्यावरचा तो पहिला श्वास, होडीतून उवाचं हसणं... आनंद होता तो. पुष्कळ शोधलं तरी दुसरा शब्द सापडेना.

उद्या रेत्नो पुन्हा जाईल, तीही जाईल. काय बोलेल, बोलेल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. थकवा होता तसाच होता. इतकी वर्षं तो बापाच्या पापाचा समजून वाहत आली होती. आता तो अंगाला नीट बसत होता, तिच्याच मापाचा असल्यासारखा.