हार सासूबाईंच्या गळ्यात

मी एक जुनी मखमली डमी आहे. दागिन्यांच्या दुकानात काचेमागे हार घालून जी उभी असते, तीच मी. मला डोके नाही, हात नाहीत, नुसता गळा आणि खांदे आहेत. पण मित्रांनो, डोके नाही म्हणून मला काही कळत नाही असे समजू नका. दुसऱ्यावर जळायला डोके लागत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर आले तेव्हा मी पांढरी आणि खडबडीत होते. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घासून गुळगुळीत केले आणि अंगावर काळी मखमल चढवली. माझी मान त्याने मुद्दाम लांब आणि बारीक ठेवली होती. "अशा मानेवर साधा हारसुद्धा राजेशाही दिसतो," असे तो म्हणायचा. ते वाक्य मी जन्मभर मिरवले.

पुढची अठरा वर्षे मी एका मोठ्या दुकानाच्या काचेत काढली. रोज सकाळी शेठ स्वतः मऊ ब्रशने माझी मखमल साफ करत. रस्त्याने जाणाऱ्या बायका थबकत, वाकून पाहत. त्यांचे नवरे माझ्या खांद्यावरची किमतीची चिठ्ठी वाचत आणि मग त्यांना अचानक कामे आठवत. मला वाटे, हे सगळे मलाच पाहायला येतात. नाकाचा शेंडा नसूनही मी तो वरच ठेवला होता.

मग शेठ थकले आणि दुकान बंद झाले. काचा, कपाटे, दिवे विकले गेले. मी भंगारवाल्याकडे पोहोचले आणि दोन महिने गंजक्या सायकलींच्या शेजारी पडून राहिले. तिथून मला एका घरच्या सूनबाईने उचलले. तिने भंगारवाल्याला घरातला बंद पडलेला पंखा दिला आणि मला घेतले. काचेतल्या राणीची अदलाबदल एका पंख्याशी! पण तिने घरी नेऊन माझी धूळ काढली आणि मला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवले, तेव्हा मी तो अपमान गिळला.

तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे ते घर. त्यात सूनबाई, तिचा नवरा आणि सासूबाई राहत. सूनबाई तारेचे, काचेच्या मण्यांचे, पितळी पानांचे हार स्वतः करायची आणि फोनवरून विकायची. धंदा नवा होता. जाहिरातीला हातात पैसे नव्हते, म्हणून तिने फुकटातले सगळे मार्ग धरले. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा करून ती खिडकीतला उजेड माझ्यावर पाडायची. मागे पांढरी चादर टांगायची. शाळेच्या मैत्रिणींचा ग्रुप, जुन्या ऑफिसचा ग्रुप, इमारतीचा ग्रुप, सगळीकडे फोटो जायचे. प्रत्येक डबीत ती स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी घालायची, 'आवडलं तर मैत्रिणीला सांगा, नाही आवडलं तर मला सांगा.' आणि प्रत्येक फोटोत कोण? मी! मित्रांनो, पूर्वी मला एक रस्ता पाहत होता, आता गावोगावचे लोक पाहू लागले. मी सुखात होते.

तिसऱ्या महिन्यात पार्सले परत येऊ लागली. एका आठवड्यात चार आली. सगळ्यांची तक्रार एकच होती. फोटोत हार छातीपर्यंत रुळतो आणि प्रत्यक्षात गळ्याशी घट्ट बसतो. सूनबाई डोक्याला हात लावून बसली. सासूबाई शेजारीच मटार सोलत होत्या.

"आण इकडे," त्या म्हणाल्या. त्यांनी हार गळ्यात घातला. तो खरोखरच वर चढून बसला. त्यांनी एकदा आरशात पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले.

"अगं, ही डमी माणसाची आहे का जिराफाची? अशी मान कुणाची असते?"

सूनबाईला हसू फुटले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या मानेचा मी एवढा तोरा मिरवला, तिनेच सूनबाईचा धंदा बुडवायला घेतला होता, हे मला तेव्हा अजिबात पटले नाही.

सूनबाईने हार दोन इंच वाढवला आणि सासूबाईंना म्हणाली, "आई, हलू नका. अशाच बसा."

"अगं, केस तरी विंचरू दे!"

पण फोटो निघून गेला होता. विस्कटलेले केस, मांडीवर मटार, गळ्यात निळ्या मण्यांचा हार. खाली तिने लिहिले, 'आमच्या आईंच्या गळ्यात हार असा बसतो.' संध्याकाळपर्यंत फोन वाजत राहिला. कुणी लिहिले, 'काकू, किती गोड दिसता.' कुणी लिहिले, 'हार मटारसकट मिळेल का?' माझ्या आख्ख्या कारकिर्दीत जितके हार खपले नसतील, तितक्यांची विचारणा त्या आठवड्यात झाली.

तिथून माझी उतरती कळा लागली. स्टुलावर सासूबाई आणि कपाटावर मी. सूनबाई रोज त्यांचा फोटो काढी. खालच्या शिंपीणबाईंनीही एक हार घालून फोटो दिला. गिऱ्हाइके स्वतःचे फोटो पाठवू लागली, तेही सूनबाई लावू लागली. छोट्या माना, जाड माना, सुरकुतलेल्या माना! आणि माझ्या या देखण्या गळ्यात काय? चार्जरची वायर आणि तिच्या नवऱ्याची टोपी. सासूबाई आता सकाळीच केस विंचरून तयार असत. "आज कुठला घालायचा गं?" असे विचारत. तो प्रश्न ऐकला की माझा नुसता जळफळाट होई. मी त्यांना पाण्यात पाहत होते, हे मी लपवत नाही. एके दिवशी मी मनात म्हटले, हिची मान एकदा धरू दे, म्हणजे कळेल.

कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही म्हणतात. पण चारच दिवसांनी सासूबाई उठल्या त्या मान धरूनच. डॉक्टरांनी गळ्याला जाड पट्टा दिला आणि महिनाभर काढायचा नाही, असे बजावले. मी पुन्हा स्टुलावर आले. वायर गेली, टोपी गेली, हार आला. माझा आनंद पोटात माईना.

तो आनंद दोन दिवस टिकला. फोटोखाली लोक लिहू लागले, 'काकू कुठे आहेत?' 'काकू बऱ्या आहेत ना?' एकीने तर लिहिले, 'ही काळी बाई नको, आमच्या काकूंना बोलवा.' अठरा वर्षांत मला कुणी असे बोलले नव्हते.

एका दुपारी सूनबाई पार्सले द्यायला गेली होती. पट्ट्यामुळे खाली पाहता येत नसल्याने सासूबाई चाचपडत माझ्यासमोर येऊन बसल्या. माझ्या गळ्यातला हार वाकडा झाला होता, तो त्यांनी नीट केला आणि तिथेच हात ठेवून बसल्या.

"तुझं बरं आहे बाई," त्या म्हणाल्या. "मान दुखत नाही. या वयात हे काय सुचलं, असं कुणी विचारत नाही. माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा माझी मान खाली आहे. तोंड दिसतच नाही. नंतर घरात फोटो निघाले, तेव्हा मी कायम आत, चहा टाकत होते. आत्ता कुठे चार लोक माझ्याकडे बघायला लागले होते. आणि तू? तुला लोकांनी जन्मभर बघितलंच. खरं सांगू का? मला तुझा हेवा वाटतो."

मित्रांनो, जिच्यावर मी रात्रंदिवस जळत होते, ती माझ्यावर जळत होती. मी मागितलेले दुखणे तिच्या गळ्याभोवती पट्टा होऊन बसले होते. त्या दुपारी मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. मला तोंड नाही, नाहीतर मी माफी मागितली असती.

सूनबाई परत आली, तेव्हा सासूबाईंनी तिला मापाची टेप शोधून ठेवायला सांगितली. "पट्टा निघाला की माझ्या गळ्याचं माप घे आणि हिला तेवढी कर. हार कधीच लहान व्हायचे नाहीत. कपाटावर नको ठेवूस हिला. कामाच्या टेबलावर राहू दे."

तसेच झाले. सासूबाईंच्या जुन्या सुती कपड्याच्या पट्ट्या माझ्या मानेला गुंडाळल्या गेल्या, वरून नवे कापड शिवले गेले. माझी लांब, बारीक मान गेली. आता मी गळ्याने हुबेहूब सासूबाई आहे. घरात तयार होणारा प्रत्येक हार आधी माझ्यावर मापला जातो आणि तेव्हापासून एकही पार्सल लांबीसाठी परत आलेले नाही. फोटो मात्र सासूबाईंचाच निघतो. त्या स्टुलावर बसल्या, सूनबाईने फोन उचलला, की अजूनही माझ्या पोटात दुखते. खोटे कशाला बोलू?

म्हणून, मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. कपाटावर टाकलेल्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून झटकत जा, हे तर आहेच. पण तुमच्याही घरात एक माणूस असेल, ज्याचा फोटो कुणीच काढत नाही, कारण बाकीच्यांचे फोटो निघताना ते आत काहीतरी करत असते. त्याला आज बाहेर बोलवा, उजेडात बसवा आणि मान वर करायला सांगा. मी इथे जळत बसेन. माझ्याकडे लक्ष देऊ नका, फोटो काढा.