पिशाच्चाच्या कपाळी कुंकू

मित्रांनो, मी एका भयकादंबरीची प्रत आहे. वयाने तरुण, परंतु सोसलेल्या हालांमुळे वृद्ध दिसते. माझा जनक वेद हा मिशिगनमधील ट्रॉय गावचा, तेथील मराठी मंडळातच लहानाचा मोठा झालेला युवक. वर्तमानपत्रांनी त्यास 'भीतीचा नवा सम्राट' अशी पदवी बहाल केली आणि गावातील प्रत्येक मराठी घरी माझ्या एकेका भगिनीने गृहप्रवेश केला. तेथे त्या दिवाणखान्यात पाहुण्यांना दिसतील अशा विराजमान झाल्या. त्यांना उघडले मात्र कोणी नाही.

मला सुनेत्रामावशींनी उघडले! सातव्या प्रकरणात बेसमेंटमधून एक हात वर येतो. तेथे त्यांनी किंचाळून मला मिटले. त्या दिवसापासून कपडे धुण्यास बेसमेंटमध्ये त्यांचे यजमान नरेंद्रकाका जाऊ लागले. मला कपाटात ठेवावे, तर ते कपाट पुन्हा उघडणार कोण? अखेर माझी स्थापना देवघरात झाली.

"गणराया, लक्ष असू दे रे हिच्यावर," मावशी म्हणाल्या. रोज देवांना हळदकुंकू वाहताना माझ्या मुखपृष्ठावरील पिशाच्चासही त्या बोट लावीत. उगाच त्याचा रोष नको!

पुढे मंडळाने वेदचा सत्कार योजिला. मावशी मला स्वाक्षरीसाठी घेऊन गेल्या. सम्राटाचे मुख म्लान होते.

"ऑनलाइन सगळे लिहितायत, भीती वाटलीच नाही," तो म्हणाला. "दुसरं बुक कॅन्सल करतोय मी."

"छे यार, फँटास्टिक आहे!" मंडळाचे अध्यक्ष परीक्षितकाका गरजले. "एका बैठकीत संपवलं!"

"शेवट कसा वाटला, काका?"

"शेवट ना? अगदी... शेवटासारखा!"

वेदने मान खाली घातली, तोच त्याची दृष्टी माझ्यावर पडली.

"मावशी, भुताला कुंकू?"

मावशी ओशाळल्या. "रागावू नकोस राजा. सातव्या प्रकरणापुढे गेलेच नाही मी. पुस्तक देवघरात ठेवलंय. अजून बेसमेंटमध्ये पाय ठेवत नाही."

"सगळी लाँड्री माझ्या गळ्यात!" नरेंद्रकाका कडाडले. "याचा जाब तूच दे!"

वेदचे नेत्र पाणावले. "तुम्ही रिअली घाबरलात? प्रॉमिस?"

"गणपतीशपथ!"

"मग पुढचं मी वाचून दाखवू? आणि दुसरं लिहिलं, तर पहिल्यांदा तुम्हालाच."

"वाच. पण आधी माझा हात धर."

मित्रांनो, सातव्या प्रकरणापुढील माझी अस्पर्श पाने प्रथमच उलटू लागली. तत्क्षणी एक खुर्ची करकरत पुढे सरकली.

"अरे, मोठ्याने वाच ना," परीक्षितकाका अधीरतेने म्हणाले. "कोणाचा होता तो हात?"

मित्रांनो, आम्हा पुस्तकांस स्तुतीची क्षुधा नसते. आम्हांस वाचून घाबरा, कंटाळा, वाटल्यास अर्ध्यावर मिटा. परंतु एकदा उघडा, एवढीच माझी नम्र विनंती.